किंमत आणि पत्ताही बघा

जुन्या पुस्तकात आवृत्तीचा उल्लेख नाही म्हणजे ती पहिलीच आवृत्ती, असं तुम्ही म्हटलंय. तेवढ्यावर विसंबू नका, पुनर्मुद्रणातही तो कधी कधी नसतो. आधी किंमत बघा. 'नये पैसे' असतील तर छपाई १९५७ ते १९६४च्या सुमाराची, आणे असतील तर बहुधा त्याआधीची. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असला, तर प्रत १९७२ नंतरचीच.

मालवणला आमच्या माळ्यावर मुलांची एक साहसकथा मिळाली. कडा कसरीनं खाल्लेल्या, मलपृष्ठावर 'दीड रुपया' असा जांभळा रबरी शिक्का. उजेडात तिरकं धरलं तेव्हा शिक्क्याखाली छापलेले 'बारा आणे' दिसले! म्हणजे छपाई जुनी, किंमत तेवढी मागाहून वाढवलेली. आणि कृपा करून बाइंडिंगला देताना मूळ मुखपृष्ठ काढू देऊ नका, कितीही फाटलेलं असो.