मदत हवी आहे: ३, ५, १७, २५७, कशानेही भागलं तरी बाकी २च का?

नमस्कार मंडळी. गणित सुटून पंचवीस वर्षं झाली, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

आम्ही इंदूरला, रामबागेत. नववीतली भाची सुट्टीला आली आहे ती क्लासमधलं कोडं घेऊनच: ४२९४९६७२९७, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, ही मूळ संख्या आहे का? कॅल्क्युलेटर बंद. "मामी, तू तर बँकेत आहेस ना!" बँकेत बेरजासुद्धा मशीनच करतं हे तिला कोण सांगणार.

मग काय, पोह्यांवर जिरावण टाकता टाकता कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार सुरू. ७ ने बाकी ५, ११ नेही ५, १३ ने १०. पण ३, ५ आणि १७ ने दरवेळी २! भाची म्हणाली, हे तिन्ही २ चे घात अधिक १ आहेत, पुढचा २५७ बघू. तिथेही २. दोनदा तपासलं.

ही गंमत आहे की आमची चूक? शिवाय वर्गमूळ ६५५३६ च्या किंचित वर जातं आणि तिथवर ६५४२ मूळ संख्या आहेत (हे मोबाइलवर पाहिलं, मोबाइल चालतो, कॅल्क्युलेटर नाही, हा तिचा नियम). सगळ्यांनी भागत बसायचं का?

प्रतिसाद १:
ताई, चूक नाही. संख्येतून २ काढा. उरतं २ चा ३२ वा घात वजा १. आता 'अ वर्ग वजा १ म्हणजे (अ+१)(अ-१)' हे शाळेतलं सूत्र लावत सुटा. ६५५३७ × २५७ × १७ × ५ × ३ असे अवयव पडतात. म्हणजे तुमच्या संख्येला यातल्या कशानेही भागा, वरचे २च शिल्लक राहणार.

या जातीच्या (३, ५, १७, २५७, ६५५३७, मग तुमची, अशा) सगळ्या संख्या मूळ असाव्यात असं फर्मा या गणितज्ञाला वाटायचं. १७३२ साली ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने नेमकी तुमचीच संख्या फोडली. त्याची युक्ती अशी: हिचा मूळ विभाजक असलाच तर तो ६४ ची पट अधिक १ असाच असणार. ६५, १२९, १९३ असं पुढे जा आणि मूळ नसलेल्या गाळा. १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. २५७ झालाच आहे. बाकीचे भाचीला करू द्या.

धागाकर्ती:
१९३ ने बाकी १०९. ४४९ ने ३२५ (आधी ३५२ आली होती, मीच अंक उलटे लिहिले). ५७७ ने २८८. आणि ६४१ ने शून्य! भागाकार ६७००४१७. घरात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

आता ती विचारतेय, ६७००४१७ मूळ आहे का? कॅलेंडर संपलं.

प्रतिसाद १:
त्याच्या विभाजकांनाही ६४ चाच नियम. वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि सुरुवात ६४१ पासूनच करायची. विजेच्या बिलाची पाठ पुरेल.