सांबार आणि संभाजी महाराज, खरं काय?

खादाड_पुणेकर: व्हॉट्सॅपवर दर सहा महिन्यांनी ती पोस्ट येते बघा, संभाजीराजे तंजावरला तिथले राजे शाहूजी भोसले यांच्याकडे गेले, मुदपाकखान्यात आमसुलं संपलेली, मग आमटीला चिंच लावली आणि पाहुण्यांच्या मानासाठी नाव पडलं सांबार. काल डबा खाताना हे मी ऐटीत सांगितलं तर ऑफिसातला तमिळ मित्र नुसता हसला. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वऱ्हाडी_ठेचा: भाऊ, आमच्या नागपूरले भाजीवाल्याले सांबार मागितला तर तो कोथिंबिरीची जुडी देते. सांबारवडी खाल्ली नाही काय कधी? पुण्यात होस्टेलवर मी रूममेटले म्हटलं पोह्यावर सांबार टाक, तर तो वाटी घेऊन क्यांटीनमध्ये गेला ना बे 😂

घावणे_प्रेमी: आमच्या मालवणात काळ्या वाटाण्याचा सांबारा. भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण, तूरडाळ अजिबात नाही, आणि आई त्यात दोन सोलं टाकतेच. म्हणजे आमसुलं आहेत तरी नाव तेच, आता बोला.

बखरबहाद्दर: वरच्या दोघांनी उत्तर दिलंच आहे खरं तर. संस्कृत 'संभार' म्हणजे गोळा केलेलं साहित्य, यज्ञाचे संभार म्हणतात ना, तोच. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ मसाल्याच्या सामानावर आला. गुजरातीत संभार म्हणजे मसाला, लोणच्याचासुद्धा, आणि केरळात संभारम् मागाल तर आलं-मिरची-कढीपत्ता लावलेलं ताक मिळेल. एवढ्या सगळ्यांना एका पाहुण्याचं नाव पुरेल का? शाहूजीराजे गादीवर १६८४ ते १७१२, संभाजीराजांना मारलं १६८९ ला, म्हणजे मध्ये जेमतेम पाच वर्षं आणि तीही औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला असताना. त्यातून ही पंगत सांगणारा त्या काळचा एक कागद कोणी दाखवत नाही. चिंचेचं कुळंबू, म्हणजे आंबट रस्सा, तर तमिळ घरांत होतंच, त्यांना आमसूल संपायची वाट कशाला बघायला लागतेय. हां, तंजावरच्या मराठी स्वयंपाकाचा तिकडच्या जेवणावर हात फिरला असेल, ते वेगळं.

खादाड_पुणेकर: म्हणजे उद्या त्याला इडली खाऊ घालावी लागणार.

वऱ्हाडी_ठेचा: घाल ना. सांबारावर सांबार टाकाले सांगजो फक्त.