अमेरिकेत समन्स धुडकावलं तर पुढे काय? काँग्रेस आणि ग्रँड ज्युरी

प्रश्न – मूट_नागपूर
मूट कोर्टाला (कॉलेजच्या सरावाच्या खटल्याला) विषय आहे अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीचं समन्स आणि ग्रँड ज्युरीचं समन्स. काँग्रेसचं समन्स न पाळल्याबद्दल ट्रम्प यांचा माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन 2022 मध्ये दोषी ठरला. 2012 मध्ये एरिक होल्डरविरुद्ध प्रतिनिधीगृहाने अवमानाचा ठराव केला, तरी खटला झाला नाही. असं काऊन? आपल्या विधानसभेच्या हक्कभंगाशी तुलना जमेल का?

उत्तर – धंतोली_वकील
ताई, समन्स काढणारा हात वेगळा आणि ते पाळायला लावणारा वेगळा, सगळी गोम इथेच आहे. समिती अवमानाचा ठराव करते, पूर्ण सभागृह तो बहुमताने मंजूर करतं, मग स्पीकर प्रकरण वॉशिंग्टनच्या सरकारी वकिलाकडे पाठवतात. हा वकील न्याय विभागाचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाताखालचा. होल्डर स्वतःच त्या विभागाचे प्रमुख होते आणि समितीने मागितलेल्या कागदांवर राष्ट्राध्यक्षांनी विशेषाधिकार (कागद न देण्याचा हक्क) सांगितला होता. विभागाने खटला भरला नाही.

शिक्षा 1 ते 12 महिने कैद. बॅननला 4 महिने झाली. पण शिक्षा भोगून झाली तरी कागद समितीच्या हाती येत नाहीत, हे मूटमध्ये नक्की मांडा.

कागद हवे असतील तर दिवाणी दावा. तिथे वेळ मारतो. ट्रम्प यांच्या व्हाइट हाऊसचे माजी वकील मॅकगान यांना समन्स एप्रिल 2019 चं, साक्ष झाली जून 2021 मध्ये, तीही तडजोडीने. मधे प्रतिनिधीगृहाची 2 वर्षांची मुदत संपली, आणि मुदतीबरोबर समन्सही संपतं. नव्या सभागृहाला ते पुन्हा काढावं लागतं.

उत्तर – फौजदारी_बाजू
ग्रँड ज्युरी म्हणजे आरोप ठेवायचा का हे ठरवणारे नागरिक. त्यात 16 ते 23 जण असतात, पण समन्स भरतो सरकारी वकील आणि मागे उभं असतं थेट न्यायालय. म्हणून तिथे काम लवकर होतं. साक्षीदाराने स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क सांगितला, तर सरकारी वकील न्यायालयाकडून अभयाचा आदेश (साक्ष त्याच्याच विरुद्ध वापरणार नाही असा) आणतो. त्यानंतरही तोंड उघडलं नाही तर न्यायाधीश त्याला कोठडीत ठेवू शकतात: ज्युरीची मुदत असेपर्यंत, जास्तीत जास्त 18 महिने. बोलला की त्याच दिवशी सुटका. ही शिक्षा नाही, दबाव आहे. दोन्हींत गल्लत केली की मूटमध्ये गुण जातात.

हमखास होणारी चूक: समन्स रद्द करण्याचा अर्ज फेटाळला की लगेच अपील. ते सहसा चालत नाही. आधी नकार देऊन अवमानाचा आदेश अंगावर घ्यावा लागतो, मग अपील (अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा कॉबलडिक निकाल, 1940). कोठडीविरुद्धच्या अपिलाचा निकाल मात्र 30 दिवसांत द्यायचा असतो.

उत्तर – संविधान_वाचक
तुलना जमते, पण बरोबर जोडी लावा. आपला हक्कभंग, अनुच्छेद 194(3), म्हणजे सभागृहाने स्वतःच शिक्षा करणं. मार्च 2023 मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने 6 पोलिसांना एक दिवसाची कैद दिली, कुठल्याही सरकारी वकिलाकडे न जाता. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही विधानसभेचा अधिकार हाच. अमेरिकन काँग्रेसलाही असा अधिकार आहे (त्याच न्यायालयाचा मॅकग्रेन निकाल, 1927), पण 1935 नंतर तो वापरलेला नाही. म्हणून हक्कभंगाची जोडी या अधिकाराशी लावा, बॅननच्या खटल्याशी नको.

ग्रँड ज्युरी आपल्याकडे नाही. जवळचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 388: न्यायालयात उत्तर द्यायला किंवा कागद द्यायला नकार दिला तर 7 दिवसांपर्यंत कैद किंवा कोठडी, आणि मधेच कबूल झाला तर सुटका. तत्त्व तेच, मुदत फार लहान.