गोष्ट ऐकून मुलं "वाटून घ्यावं" म्हणतात आणि लगेच ठोकळे ओढतात. गोष्टी बदलू का?

बालवाडीताई: चार-पाच वर्षांची १८ मुलं आहेत. रोज गोष्ट वाचून "यातून काय शिकलो?" विचारते. उत्तर तोंडपाठ, पण पाच मिनिटांत झोंबाझोंबी सुरू. कोणती पुस्तकं घेऊ?

पानउलट: पुस्तकं राहू द्या, थांबायची जागा बदला. आपली चिऊ-काऊचीच घ्या. पहिल्या दिवशी सलग सांगा, नुसती मजा. दुसऱ्या दिवशी भिजलेला काऊ दार ठोठावतो आणि चिऊ "थांब, बाळाला न्हाऊ घालते" म्हणते, तिथे थांबा. मग याच क्रमाने विचारा: अडचण काय? काऊला कसं वाटतंय, आणि आत चिऊला? काऊ काय काय करू शकेल? तसं केलं तर पुढे काय होईल?

खरं काम तिसऱ्या प्रश्नात. चार वेगळे उपाय येईपर्यंत "आणखी काय?" विचारत राहा. "चॉकलेट देईन, बिस्कीट देईन, लाडू देईन" हा एकच उपाय धरा आणि म्हणा, "देऊन झालं, आता काही न देता?" "दार तोडेन" आलं तरी कपाळाला आठ्या नकोत, फळ्यावर त्याचंही चित्र काढा. त्याचा निकाल चौथ्या प्रश्नात मुलंच लावतात. एका उत्तराला "शाब्बास" म्हटलंत की बाकीची तेच घोकतात. तुमच्याकडे "वाटून घ्यावं"चं तेच झालंय.

अमेरिकेत फिलाडेल्फियात मायर्ना शूर आणि जॉर्ज स्पिवॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात बालवाडीच्या मुलांसाठी जी पद्धत बसवली, तिचा भर यावरच होता: काय करायचं ते मोठ्यांनी सांगायचं नाही, उपाय मुलांनी शोधायचे.

खडूफळा: १८ जणांत बोलकी चार मुलंच बोलणार. सहा-सातचे गट करा, दहा-बारा मिनिटं पुरे. पुस्तक नवं हवंच असेल तर पानाला एक-दोन वाक्यं, चित्रात चेहरे स्पष्ट, शेवटी तात्पर्य नको. असलंच तर त्यावर कागद चिकटवा. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर संकेतस्थळावर मराठी पुस्तकं पातळीप्रमाणे फुकट मिळतात, छापताही येतात.

चिमणचारा: साडेतीन वर्षांच्या आतल्या मुलांना "पुढे काय होईल?" जड जातं. त्यांच्या हातात मोज्याच्या बाहुल्या द्या, करून दाखवतील. ठोकळ्यांवरून भांडण झालं की तेच प्रश्न, त्याच शब्दांत, पण रडं थांबल्यावर. आणि एकच दांडगा मुलगा रोज एकालाच मारत असेल, तर प्रश्नबिश्न नकोत. तिथे ताईनेच मध्ये पडायचं.