जपानी गिरणी पुढे गेली, सोलापूरची का नाही? दोष कामगाराचा की मालकाचा?

ताणाबाणा
1910 च्या सुमारास भारतीय आणि जपानी गिरणी कामगार उत्पादकतेत जवळपास सारखेच होते. अर्थशास्त्रज्ञ ग्रेगरी क्लार्क यांनी 1987 मध्ये मांडलेला हिशेब सांगतो की अमेरिकेत न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम उरकायचा, तेवढ्याला इथे किंवा जपानात सहाएक माणसं लागायची. पुढच्या पंचवीस वर्षांत जपान कुठल्या कुठे गेला. 1933 मध्ये कापड निर्यातीत त्याने ब्रिटनलाही मागे टाकलं.

यंत्रं सुरुवातीला दोघांनीही लँकेशायरहूनच आणली. कापूस तर बराचसा आपलाच, 1893 पासून मुंबई-कोबे बोटीने जायचा. मग फरक उरतो तो एका माणसाकडे किती चात्या (सूत कातणाऱ्या फिरक्या), किती माग यात. जपानने तो आकडा वाढवला. आपल्याकडे 1928 मध्ये जादा मागांची योजना आली आणि मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या. सोलापूरची जुनी मिल 1877 ची, म्हणजे आपली सुरुवात काही उशिरा झाली नव्हती. दोन मागांच्या पुढे न जाण्याची सवय आपल्याला बुडवून गेली, असं माझं स्पष्ट मत आहे.

जॉबरचा_नातू
संप सांगितलात, त्याचं कारण गाळलंत. दोन विणकरांचे चार माग होते. प्रत्येकी तीन दिले की दर तिसरा विणकर घरी. शिवाय मजुरी नगावर. सूत कच्चं असलं की एका मागावरचा धागा सांधेपर्यंत दुसरा थांबतो, तिसरा तर थांबलेलाच. नुकसान कोणाचं?

जपानात काय झालं ते बघा. टोयोडाचा 1924 चा स्वयंचलित माग चालू असतानाच धोटा (आडवा धागा नेणारी शटल) बदलायचा आणि ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की आपोआप थांबायचा. माणसाने तिथे डोळ्यांत तेल घालून उभं राहायची गरजच उरली नाही. त्या मागाचे हक्क 1929 मध्ये कोणी विकत घेतले? प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे जगभर गिरणीची यंत्रं विकणाऱ्या लँकेशायरच्याच कंपनीने. असा माग आपल्या मालकांनी कामगाराला किती ठिकाणी दिला, ते आधी सांगा.

ताणाबाणा
टोयोडा विणाईतला. सूतकताईतली वाढ त्याच्या खात्यावर कशी मांडणार? तिथे माग नसतोच.

हिशेबनीस
दोघेही एक गोष्ट विसरताय. मोजताय काय?

ओसाकाची कताई गिरणी 1880 च्या दशकातच रात्रंदिवस दोन पाळ्यांत चालायची. खेड्यातून करारावर आणलेल्या पोरी, गिरणीच्याच वसतिगृहात कोंडल्यासारख्या. बायकांची रात्रपाळी तिथे 1929 मध्ये बंद झाली. या रात्रपाळीने चातीमागे सूत वाढतं, माणसामागे नाही, कारण दुसऱ्या पाळीला दुसरी माणसं लागतात. भांडवल वसूल लवकर होतं, हे खरं. पण त्याला कामगाराची उत्पादकता म्हणू नका.

दुसरं, सुताचा नंबर. 20 नंबरचं जाड सूत आणि 40 नंबरचं बारीक सूत वजनावर तोललं, तर बारीक कातणारा आळशी ठरतो. आता सोलापूरकडे या. जेकॉर्डची (मागावरच नक्षी विणलेली) चादर आणि साधं कापड मीटरवर कसं ताडणार? आणि घरी बसून कांड्या भरणाऱ्या, म्हणजे धोट्यासाठी सूत गुंडाळणाऱ्या, बाया तुमच्या 'माणसामागे'त येतात का? त्या हजेरीवर नसतातच. त्यांना धरलं तर कारखानदाराचा आजचा आकडाही खाली येतो.

पूर्वभाग_पॉवरलूम
अण्णा, तुम्ही सगळे लई पुस्तकी बोलायलाय बे. मे महिन्यात साखर पेठेतल्या शेडमध्ये दुपारी उभं राहा. हवा कोरडी ठाक, ताणा तटातट तुटतो. ओसाकात दमट हवा. तिथला माणूस दहा माग बघंल, इथं दोन बघताना घाम फुटतो.

ताणाबाणा
नागपूर काही दमट नाही. टाटांची एम्प्रेस मिलही 1877 चीच. तिथे हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली होती. हवा हा अडथळा होता, पण सुटण्यासारखा.

जॉबरचा_नातू
धन्यवाद, माझंच काम केलंत. ती यंत्रं कोणी बसवली, विणकराने की मालकाने? मुंबईत कितीतरी मॅनेजिंग एजंटांचं, म्हणजे गिरणीचा कारभार चालवणाऱ्या पेढ्यांचं, कमिशन उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरायचं, नफा होवो न होवो. असा माणूस नव्या यंत्रात पैसा कशाला अडकवेल? स्पर्धा अंगावर आली तेव्हा सरकारकडून जकात मागितली. 1933 मध्ये ब्रिटनबाहेरच्या कापडावर ती 75 टक्क्यांपर्यंत गेली. गिरणीत सुधारणा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

पूर्वभाग_पॉवरलूम
मालकाला शिव्या घालणं सोपंय, मीच मालक आहे. 1999 मध्ये नव्या यंत्रांच्या कर्जाला मदत करणारी केंद्राची तंत्रज्ञान सुधार योजना आली. पण शटललेस (धोट्याविना चालणाऱ्या) मागाचं कर्ज फेडायला त्या मागाला सारखं काम लागतं, एकाच डिझाइनची मोठी ऑर्डर. माझ्याकडे शंभर चादरी एका नक्षीच्या, पन्नास दुसऱ्या. प्रत्येक वेळी नक्षीचं पंचकार्ड बदला, बीम (ताण्याचा रूळ) जोडा. तेवढा वेळ माग बंद. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन 2005 मध्ये मिळालं, पण मोठी ऑर्डर त्याच्याबरोबर आली नाही. जपानी मालकाला परदेशची बाजारपेठ होती, म्हणून माग परवडला.

हिशेबनीस
मग तुमच्या शेडचा आकडा काढायचा तर माग बंद असलेले तास वेगळे लिहा. कामगारामुळे किती, बीम आणि डिझाइन बदलण्यामुळे किती, वीज गेल्यामुळे किती. एका महिन्याची वही टाका इथे. ताणाबाणांचा दावा खरा असेल तर पहिला रकाना सगळ्यात मोठा निघेल.

पूर्वभाग_पॉवरलूम
टाकतो. पहिला रकाना मोठा निघणार नाही, एवढं आत्ताच सांगतो.