हेडोरा: प्रदूषणावरचा सिनेमा की रबरी चिखल?

खारेदाणे: काल इथे एकाने ठोकून दिलं की १९७१चा 'गॉडझिला विरुद्ध हेडोरा' हा जपानी सिनेमा म्हणजे पैसे नसलेल्यांनी रबराच्या चिखलावर डकवलेली पर्यावरणाची चिठ्ठी. डोकंच फिरलं. अहो, त्यातल्या राक्षसाचं, हेडोराचं, नावच 'हेदोरो' म्हणजे गाळ यावरून आलंय. जपानच्या तागोनोउरा बंदरात कागद गिरण्यांचा गाळ साचला होता, तो काय स्टुडिओवाल्यांनी ओतला? आणि ते मांजराचं पिल्लू? राक्षस क्लबमधून निघून गेल्यावर जिन्यात गाळाने माखून म्याव म्याव करतं. एवढ्याशा शॉटला कुठलं बजेट लागतं?

पावशेर: पिल्लू कबूल. पण हेडोरा मुळात येतो अवकाशातून! जपानच्या मिनामातात समुद्रात पारा सोडून माणसं आजारी पाडणारा कारखाना कोणता, हे सरकारनेच १९६८ला मान्य केलेलं, १९७१ला खटला चालू. सिनेमात कारखानदार औषधालाही नाही. सगळं आभाळावर ढकललं की मोकळे.

खारेदाणे: बी आभाळातून आलं, खत कोणी घातलं? चिमणीला तोंड लावून चिलीम ओढावी तसा धूर ओढतो तो.

टॉर्चवाला: ते राहू द्या. गॉडझिला उडतो त्याचं बोला. शेपूट पोटाशी धरून, तोंडातून आग सोडत, उलटा! निर्माते तानाका दवाखान्यात होते म्हणून खपलं.

खारेदाणे: झालं, आले उडणंवाले.

टॉर्चवाला: का, झोंबलं? दिग्दर्शक होंडांच्या १९५४च्या पहिल्या गॉडझिलाकडे बघून अंगावर काटा येतो. या सिनेमाच्या दिग्दर्शकाचा, बान्नोंचा, उडाला की हसू येतं. त्यांना पुन्हा गॉडझिलाचं दिग्दर्शन दिलं नाही कोणी, उगाच नाही.

खारेदाणे: तुम्ही लग्नाच्या पंगतीतही १९५४ काढत असाल. मुलं हसली तर हसू देत की! तासभर माणसांचे सांगाडे बघितलेत त्यांनी.

टॉर्चवाला: मुलांचं निमित्त सांगून काहीही खपवा.

पावशेर: उडण्यावरून दोघांचं चालू द्या, माझा कारखानदार राहिला बाजूला.

काठावरची: आमच्या घरामागचा नाला एक दिवस जांभळा, एक दिवस हिरवा. रात्री आईचा दमा उठला की ती खिडकी लावून उशीला टेकून सकाळपर्यंत बसायची, खिडकी लावली तरी वास यायचाच. शाळेच्या मैदानावर व्यायाम करता करता मुली खोकत कोसळतात, तिथे मी सिनेमा थांबवला. मला रबर दिसलं नाही.

पावशेर: बरं बाई, सिनेमा प्रदूषणावरचाच. कारखानदार तरीही हवा होता.

टॉर्चवाला: काठावरची, आता आई बऱ्या आहेत ना? ...पण शेपूट धरून उडणं मी माफ करणार नाही.