कवेलूच्या जुन्या घराची आठ हजारांत सजावट: मातीच्या भिंतींचे काय करावे?

जुनी_ओसरी (घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमच्या घराची ओसरी, बैठकीची खोली आणि माजघर हा भाग आजोबांच्या काळचा आहे. भिंती मातीच्या आणि वर कवेलू (कौले). मागचे स्वयंपाकघर व न्हाणीघर तेवढे अलीकडे विटा-सिमेंटमध्ये बांधले. वैशाखात धाकट्या भावाचे लग्न आहे. येणारी वहिनी अमरावतीत शिकलेली आहे, आणि तिने घरात पाऊल टाकले की तिला ते नीटनेटके व थोडे देखणे वाटावे, एवढीच इच्छा आहे. यंदा कापसाचा पैसा उधारी आणि लग्नखर्च यांतच जाणार असल्याने घरासाठी आठ हजारांच्या वर काही काढता येणार नाही. मात्र हात घरचे आहेत आणि फाल्गुन-चैत्रात शेतीची कामे थोडी सैल असतात.

तालुक्याच्या दुकानदाराने बैठकीच्या खोलीला पीव्हीसीचे पॅनल सुचवले, पण एका खोलीतच सगळे पैसे संपतील. मोबाइलवर दिसणाऱ्या कल्पना बहुतेक फ्लॅटच्या गुळगुळीत भिंतींसाठी असतात. आमच्या भिंतीत साधा खिळा ठोकला तरी पोपडा निघून येतो. खोलीत अंधार आहे, भिंतीला दोन ठिकाणी भेगा आहेत आणि खालच्या हातभर भागाला पावसाळ्यात ओल धरते. अशा घरात स्वतः करण्याजोगे काय आहे?

पांढरी_माती (वर्धा जिल्हा)

ताई, पॅनलचा विचार आधी मनातून काढावा, आणि तो केवळ पैशांसाठी नव्हे. मातीची भिंत जमिनीतील ओल वर ओढते आणि उन्हाळ्यात हवेत सोडून देते. तिच्यावर प्लास्टिक, ऑइल पेंट किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ती वाट बंद होते, ओल आतच राहते आणि दोन-तीन पावसाळ्यांत आतली माती भुसभुशीत होऊन वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. आपल्याकडे जुन्या घरांना सिमेंट फासण्याची जी लाट आली, तिने कित्येक चांगल्या भिंती खराब केल्या. खालच्या हातभर ओलीचे मूळ बहुधा बाहेरच असते. कवेलूचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल, तर तिथे उतार काढून पाणी दूर न्यावे. हे न करता आतून कितीही रंगवले तरी फुकट.

भेगा भरण्यासाठी शेतातील काळी माती वापरू नये, कारण ती वाळताना आकसते आणि जुन्या भेगेशेजारी नवी भेग पाडते. गावठाणातील पांढरी माती आणावी, ढेकळे फोडून चाळावी, तीत गव्हांडा (गव्हाचा भुसा-काड) बारीक करून आणि थोडे शेण घालून कालवावी आणि चार-सहा दिवस भिजत ठेवावी. रोज एकदा पायाने तुडवली म्हणजे ती लोण्यासारखी मऊ होते आणि चिकटपणा धरते. भेग आधी खरवडून, पाणी शिंपडून ओली करावी व मगच माती दाबून भरावी; कोरड्या भिंतीवर ओली माती टिकत नाही.

नंतर चुना. डब्यातील तयार रंगापेक्षा कळीचा चुना कितीतरी स्वस्त पडतो आणि कवेलूच्या अंधाऱ्या खोलीत तो उजेड परतवण्याचे काम चांगले करतो. लोखंडी पिंपात पाणी घेऊन त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे टाकावेत. ते पाणी उकळल्यासारखे तापते, म्हणून प्लास्टिकची बादली घेऊ नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एक-दोन दिवस मुरू दिल्यावर जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून, पातळ दुधाइतका सैल करावा. त्यात भिजवलेला डिंक किंवा भाताची पेज आणि मूठभर मीठ घातले म्हणजे तो हाताला कमी लागतो. भिंत ओली करून पहिला हात फिरवल्यावर काहीच पांढरे दिसत नाही आणि नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. तसे करू नये. चुना वाळता वाळता पांढरा होतो. पातळ तीन हात टिकतात, जाड एक हात झडतो. आपल्याकडच्या चैत्रातल्या उन्हात भिंत फार लवकर सुकते, म्हणून हे काम सूर्य कलल्यावर घ्यावे.

रंगछटा हवी असल्यास गेरू, पिवळी माती किंवा नीळ चुन्यात मिसळावी. हे खनिज रंग चुन्यात टिकतात. हळद घालू नये. चुन्याशी तिचे कुंकू होते हे आपण जाणतोच, आणि ती लालीही उन्हाने उडते. माझ्या मते तीन भिंती पांढऱ्या ठेवाव्यात आणि दारासमोरची एकच भिंत फिकट गेरूची करावी.

त्या भिंतीवर काही नक्षी करायची असेल तर एकदा सेवाग्रामला जाऊन यावे. 1936 मध्ये गांधीजी तिथे राहायला आले, त्या काळातील कुट्यांच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी मातीनेच उठावाची चित्रे केली आहेत, त्यांत ताडाची झाडे आणि चरखा आहे. भिंतीच्याच रंगात, बोटभरही जाड नसलेली ती रेषा तिरप्या उजेडात इतकी शोभते की चौकटीतल्या चित्राची आठवणही होत नाही. वर सांगितलेलीच माती आणखी बारीक चाळून, भिंत ओली करून तिच्यावर सुरीने आडव्यातिडव्या रेघा ओढून थोड्या थोड्या थरांनी हे करता येते. वरून चुन्याचा एक हात द्यावा.

रंगारी_काका (अकोला)

चुन्याबाबत वरील प्रतिसाद बरोबर आहे, पण एक बाजू राहिली. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की पांढरे डाग पडतात, आणि लग्नघरात माणसे भिंतीला टेकूनच बसतात. आयुष्यभर रंगकाम केल्यावर माझे मत असे आहे की बसण्याच्या जागेमागे काहीतरी आडोसा हवाच. मागच्या सिमेंटच्या खोल्यांना मात्र साधा डिस्टेंपर चालेल. तिथे चुन्याचा हट्ट धरू नये.

आणि एक सूचना. ओसरीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, भालदार, कलश रंगवण्याची लग्नघराची जी रीत आहे, ती बाजारू चकचकीत रंगांत न करता नुसत्या गेरू व काजळीच्या दोन रंगांत केली, तर लग्नानंतरही ती पुसावीशी वाटणार नाही.

बांबूची_पेर (मूल, चंद्रपूर)

रंगारी काकांच्या अडचणीवर आमच्या भागात तट्टा (बांबूची विणलेली चटई) हा उपाय आहे. बुरडाकडून कमरेएवढ्या उंचीचा विणलेला तट्टा घ्यावा आणि भिंतीला चिकटवून न लावता मागे लाकडी पट्ट्या ठेवून बोटभर पोकळी राखावी, म्हणजे भिंतीचा वारा बंद होत नाही. हिरव्या आणि तासलेल्या कामट्या (बांबूच्या पट्ट्या) आलटून पालटून विणायला सांगितल्यास त्यात आपोआप चौकडा उमटतो. त्यावर व्हार्निश फासून ती शोभा घालवू नये, जवस तेलाचा एक हात पुरे.

बांबूचा खरा शत्रू भुंगा आहे. बांबूतील पिष्टावर (स्टार्चवर) तो वाढतो आणि घरात खाली पिवळसर भुकटी पडू लागली की समजावे, तो आत शिरला. म्हणून कोवळा बांबू घेऊ नये, तीन वर्षांवरचा घ्यावा आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक अॅसिड दीडास एक या प्रमाणात घेऊन केलेल्या पाण्यात कामट्या भिजवणे व सावलीत वाळवणे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. शिकण्याची हौस असेल त्यांनी तिथे जरूर जावे. स्वतःच्या धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बांबू असेल तर 2017 च्या कायदादुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू झाड गणला जात नाही, हेही लक्षात असू द्यावे. अनेकांना अजून तो तोडायची उगाच धास्ती वाटते.

दिव्यासाठी जुनी टोपली किंवा कोंबड्या झाकायची लहान डाल उलटी टांगावी. जाळीतून भिंतीवर पडणारी नक्षी ही कोणत्याही विकतच्या झुंबरापेक्षा मला सरस वाटते. आत एलईडीच लावावा, तापणारा जुना बल्ब मुळीच नको, आणि होल्डरची वायर गावातील जाणत्या वायरमनकडूनच ओढून घ्यावी. तिथे काटकसर करू नये.

रंगारी_काका (अकोला)

तट्ट्यामागे पोकळी ठेवली की विंचवाची सोय झाली, हे लिहिले नाही म्हणून लिहितो. वाळवीचेही तेच.

बांबूची_पेर (मूल, चंद्रपूर)

काका, मान्य. म्हणूनच तट्टा जमिनीपासून वीतभर वर ठेवावा, खालची कड उघडी असावी आणि तो खिळ्यांनी कायमचा न ठोकता आकड्यांवर अडकवावा, म्हणजे दर पंधरवड्याला काढून मागे झाडू फिरवता येतो. पावसाळ्यात तर तो काढूनच ठेवावा.

जुनी_ओसरी (घाटंजी तालुका, यवतमाळ)

सर्वांचे आभार. पन्हाळीखालच्या पाण्याचे अगदी बरोबर निघाले. ओल त्याच बाजूला आहे. घरात आजीची लुगडी, दोन मोडक्या बाजा (खाटा), पितळी भांडी आणि तान्ह्या पोळ्याचे (लहान मुलांच्या पोळ्याचे) दोन लाकडी नंदी आहेत. यांचे काय करता येईल? आणि अंधाराचे? खोलीला एकच खिडकी आहे, तीही गोठ्याकडे उघडते.

वाकळ (आर्णी)

अंधारासाठी आधी वर पाहावे. काचेचे कवेलू मिळते. दोन जागी साधे काढून ते बसवले की दिवसा दिवा लावावा लागत नाही. मात्र ते दक्षिणेच्या पाखीत (छपराच्या उतरत्या बाजूत) बसवू नये, आपले ऊन थेट अंगावर येईल. उत्तरेकडच्या पाखीत बसवावे. रात्रीसाठी एलईडी घेताना खोक्यावर 2700 किंवा 3000 केल्विन लिहिले आहे का ते पाहावे. पिवळसर उजेडात गेरू आणि पितळ खुलते. 6500 चा पांढरा उजेड अभ्यासाला ठीक, पण त्याने चुन्याची भिंत दवाखान्यासारखी दिसते.

बाजांची चौकट शाबूत असेल तर त्या टाकू नयेत. जुनी दोरी काढून, लाकडाला पॉलिश पेपर मारून, सुती नवारीने दोन रंगांत विणाव्यात. एक बाज बैठकीत दिवाण म्हणून आणि दुसरी ओसरीत शोभेल. गादीसाठी घरचाच कापूस ठेवावा. आपण यवतमाळचे लोक क्विंटलच्या क्विंटल कापूस विकून फोमची गादी आणतो याचे मला नेहमी नवल वाटते. सरकी काढून पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली गादी उन्हात टाकली की पुन्हा फुगते, फोम बसला की बसला.

लुगड्यांचे काठ आणि अंग वेगळे करावे. विरलेले अंग वाकळीत घालावे. काठ मात्र सरळ पट्टीने कापून एकरंगी सुती कापडाच्या उशांच्या अभ्र्यांना आणि पडद्याच्या खालच्या कडेला लावावेत. एका खोलीत दोनच काठ वापरावेत, सगळी लुगडी एकाच वेळी बाहेर काढली तर खोली कापडाचे दुकान होते. उरलेल्या धडक्या कापडाचा कवेलूखाली चांदवा बांधता येतो, त्याने वरून पडणारी धूळ थांबते. चुलीच्या बाजूला मात्र तो मुळीच बांधू नये.

नंदी दिवळीत (भिंतीतल्या कोनाड्यात) ठेवावेत. दिवळीची आतली बाजू गडद नीळ करून तिच्यात नंदीखेरीज दुसरे काही ठेवू नये. पितळी भांड्यांपैकी तीन-चार चांगली निवडून चिंचेने घासून एका फळीवर मांडावीत, बाकीची आत.

जुनी_ओसरी (घाटंजी तालुका, यवतमाळ)

फळीचाच प्रश्न आहे ना! खिळा धरत नाही असे आधीच लिहिले आहे. आजोबांचा फोटोही सध्या खिडकीत टेकून ठेवला आहे.

पांढरी_माती (वर्धा जिल्हा)

भिंतीवर भार द्यायचाच नाही. भिंतीवरच्या लाकडी तुळईला दोन दोऱ्या किंवा साखळ्या बांधून खाली आडवा बांबू टांगावा, भिंतीपासून दोन बोटे पुढे. फोटो, फळी, कापडाचा पडदा सगळे त्या बांबूवर अडकवता येते आणि जागा बदलावीशी वाटली तर नुसते सरकवायचे. जिथे फळी भिंतीलाच हवी तिथे सागाच्या खुंट्या लागतात: भिंतीत वीतभर खोल भोक पाडून, ते ओले करून, पांढऱ्या मातीत खुंटी घट्ट बसवावी आणि आठवडाभर तिला हात लावू नये. हे सगळे चुन्याच्या आधी करावे, म्हणजे भोकाभोवतीचे डाग चुन्याखाली जातात. क्रम असा ठेवा: आधी कवेलू चाळणे (काढून नीट बसवणे) आणि बाहेरचा उतार, मग वायरिंग, मग खुंट्या व भेगा, त्या पूर्ण वाळल्यावर चुना, आणि तट्टा सर्वांत शेवटी. पैशांचा मोठा वाटा कवेलू आणि वायरिंग यांनाच लागेल. चुना, गेरू, माती मिळून हजाराच्या आसपास आटोपते, उरले ते नवार आणि तट्ट्याला.

वाकळ (आर्णी)

बुरडाला तट्ट्याची ऑर्डर आत्ताच द्या. लग्नसराईत सुपे-टोपल्यांच्या कामातून त्यांना मान वर करायला सवड नसते.